हमीची नेमणूक

पुण्याच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास पाहू जाता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, येथे विद्या आधी आणि चाकरी मागाहून असा क्रम मुळात नव्हताच. चाकरी आधी निर्माण झाली, तिला माणसे अपुरी पडू लागली, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी सरकारने शाळा काढली. १८५४ साली, लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, रस्ते, पूल, पाटबंधारे आणि इमारती यांचा कारभार लष्करी मंडळाच्या दप्तरातून काढून घेऊन सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभारण्यात आले. त्याच वर्षी उत्तरेत गंगेच्या कालव्यात पाणी सोडले गेले. आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात पुण्याच्या भवानी पेठेतील तीन लहानशा घरांत ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे त्या घरांत न मावणारे नाव धारण करणारा एक वर्ग भरू लागला. वर्गाचा हेतू कोणी झाकून ठेवला नव्हता. इमारती, बंधारे, कालवे, लोहमार्ग आणि पूल यांच्या कामांवर गोऱ्या साहेबाच्या हाताखाली देखरेख करणारे दुय्यम अंमलदार हवे होते, आणि ते विलायतेहून आणणे परवडत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. ज्ञानाचा प्रसार वगैरे भाषा पुढे आली. आरंभी सगळा हिशेब खात्याच्या गरजेचा होता.

त्यापूर्वी पुण्यात अभियंते नव्हते असे मात्र कोणी समजू नये. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी तीनेक कोस जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, शहराच्या हौदांपर्यंत आणले गेले, आणि त्या नळाला हवा मिळावी व गाळ काढता यावा म्हणून जागोजाग जे उच्छ्वास बांधले गेले त्यांचे अवशेष अजूनही कुणाच्या वाड्याच्या परसात किंवा रस्त्याच्या खोदाईत अकस्मात दृष्टीस पडतात. ही पातळी ज्यांनी साधली त्यांच्यापाशी कोणत्याही परीक्षेचा दाखला नव्हता. पाथरवटाचा मुलगा बापाच्या हाताखाली टाकी धरून शिके, गवंड्याचा ओळंबा धरून. अमुक दिवशी शिक्षण संपले आणि अमुक दिवशी धंदा सुरू झाला, असे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते. इंग्रजी अमलाने या दोहोंच्या मध्ये परीक्षेचा उंबरठा घातला, आणि त्याबरोबरच तो ओलांडू न शकणाऱ्या पाथरवट-गवंड्यांना कायमचे ‘कारागीर’ या सदरात टाकून दिले. याचे परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावे लागले. पण ते सध्या असो.

माणसांची निकड किती होती हे लोहमार्गाच्या इतिहासावरून कळते. मुंबई-ठाणे गाडी १८५३ च्या एप्रिलात धावली, खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली खुला झाला, परंतु मधला बोरघाट फोडून मार्ग सलग व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर पुण्याहून मुंबईस निघालेला उतारू खंडाळ्यास उतरून घाट पालखीने अथवा चालत पार करी व खाली पुन्हा गाडीत बसे. या घाटमार्गाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली काम पुरे होण्याच्या आधीच, १८६२ साली, निवर्तला. त्याच्या नावाने ठेवलेले पारितोषिक पुढे पुण्याच्या विद्यार्थ्यांना मिळू लागले, आणि ज्याने सह्याद्री फोडला त्याचे नाव ज्यांनी सह्याद्रीचे पाणी अडवायचे होते त्यांच्या प्रशस्तिपत्रांवर येऊन बसले.

भवानी पेठेतला तो वर्ग लवकरच प्रतिष्ठेस चढला. ५ ऑगस्ट १८६५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते संगमाजवळच्या दगडी इमारतीची कोनशिला बसली, पुढील वर्षी मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळाली, आणि १८८० साली ‘कॉलेज ऑफ सायन्स’ असे नामांतर झाले. या सर्व काळात प्राचार्यपदी होते थिओडोर कुक. हे गृहस्थ मूळचे आयर्लंडचे. बॉम्बे-बडोदा रेल्वेच्या चाकरीत वसईच्या खाडीवरील पूल बांधून ते पुण्यास आले आणि १८९३ पर्यंत येथेच राहिले. म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणारा मनुष्य प्रत्यक्ष खाडीच्या चिखलात पाया घालून आलेला होता. गंमत अशी की, जगाच्या स्मरणात ते राहिले ते पुलांमुळे नव्हे, तर मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी बृहत्सूची त्यांनी निवृत्तीनंतर सिद्ध केली तिच्यामुळे. आजचा वनस्पतिशास्त्रज्ञ कुकचे नाव रोज घेतो. अभियंत्याला बहुधा ते ठाऊकही नसते.

आता या लेखाचा जो मुख्य विषय, त्या हमीच्या नेमणुकीकडे वळू. खात्यातील वरच्या जागा, म्हणजे सहायक अभियंत्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंतच्या, या बहुतांशी विलायतेत भरल्या जात. त्यासाठी इंडिया ऑफिसने १८७१ साली कूपर्स हिल येथे हिंदुस्थानच्या नोकरीसाठी म्हणून एक स्वतंत्र कॉलेजच काढले होते. परंतु देशी कॉलेजांतील गुणवंतांना अगदीच विन्मुख लावणे प्रशस्त दिसेना, म्हणून रुरकी, मद्रास, कलकत्ता आणि पुणे येथील अग्रगण्य विद्यार्थ्यांसाठी मोजक्या जागा राखून ठेवण्याची प्रथा पडली. पुण्यात जो एल.सी.ई. (लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग) परीक्षेत पहिला येई त्याला मुंबई सरकारची सहायक अभियंत्याची जागा हमखास मिळे. अर्ज नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. निकाल हाच हुकूम. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे काय, असा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येईल. त्याला ओव्हरसियरची जागा मिळे, किंवा एखाद्या संस्थानाची चाकरी, किंवा नगरपालिकेची. आणि पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांमध्ये जे चार-दोन गुणांचे अंतर असे त्याने दोन आयुष्यांचे मार्ग कायमचे वेगळे होत. मला स्वतःला ही पद्धत तिच्या सचोटीमुळे आकर्षक आणि तिच्या निष्ठुरतेमुळे भयंकर, अशी एकाच वेळी वाटत आली आहे.

या हमीचा सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. होऊन हा तरुण म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास आला. म्हणजे एका अर्थी तो पदव्युत्तर विद्यार्थीच होता. १८८३ साली तो एल.सी.ई.त पहिला आला, बर्कली पारितोषिकाचा मानकरी ठरला, आणि १८८४ च्या मार्चमध्ये नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजूही झाला. निकाल आणि रुजू होणे यांत काही महिन्यांचेच अंतर. पण खरे शिक्षण पुढेच होते. खानदेशात धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन टाकण्याचे काम त्याच्याकडे आले. पावसाळ्यात नदीला पूर येऊन वाळू नि गाळ यांनी काम बुजू लागले, तेव्हा या नवख्या अधिकाऱ्याने काम पावसाळा सरेपर्यंत थांबवावे असे वरिष्ठांना लिहून कळविले. पुस्तकाच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. पण खात्याच्या दृष्टीने एका उमेदवाराने कार्यकारी अभियंत्याचा हुकूम शिरोधार्य न मानता त्यावर आपले मत दिले होते. वरिष्ठाने आपली नाराजी स्पष्ट शब्दांत कळविली. तरुणाने वाद न घालता काम पुन्हा हाती घेतले, आणि दोनेक महिन्यांत ते पार पाडले. मग त्याच वरिष्ठाने शिफारस केली, खात्याची परीक्षा झाली, आणि बढतीचा मार्ग मोकळा झाला. आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग विनातक्रार नोंदविला आहे. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील पुढील सर्व थोरवीपेक्षा हा छोटा प्रसंगच विद्यार्थिदशेतून धंद्यात पडणाऱ्या मनुष्यास अधिक काही सांगून जातो.

पुढे १८९९ मध्ये ते पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता होऊन आले. खडकवासल्याचे धरण तेव्हा वीसेक वर्षांचे होते आणि बांधणाऱ्या कर्नल फाइफ यांच्या नावाने त्याच्या तलावास ‘लेक फाइफ’ म्हणत. धरणाची उंची न वाढवता साठा वाढावा म्हणून विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडझाप करणारी दारे बसविली, ती १९०३ साली. त्यामुळे पाण्याची पातळी ८ फूट अधिक चढू शकली. नीरा कालव्यावर त्यांनी जमिनीचे गट पाडून ऊस, मधली पिके व कोरडवाहू पिके यांची तीन वर्षांची पाळी बसवून दिली. इतके सारे करूनही मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी देशी माणसासाठी नव्हती. १८९२ साली खात्याची वाटणीच झाली होती: विलायतेत भरती झालेले ते ‘इम्पीरियल’, येथे भरती झालेले ते ‘प्रोव्हिन्शियल’, काम तेच, दर्जा निराळा आणि पगार कमी. अधीक्षक अभियंत्याच्या हुद्द्यावरून विश्वेश्वरय्या १९०८ साली सेवानिवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी म्हैसूरने त्यांना मुख्य अभियंता केले. हमीची नेमणूक दारातून आत घेत होती. माडीवर चढण्याची हमी तिच्यात नव्हती.

विश्वेश्वरय्या वर्षाला एक. बाकीचे सारे ओव्हरसियर, सब-ओव्हरसियर आणि उमेदवार. त्यांचे शिक्षण कोठे होई? कॉलेजात त्यांनी लेव्हल लावली असे, साखळी ओढली असे, कमानीच्या दाबरेषा काढल्या असत. कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी त्यांच्या हाती पडे ते ‘मेजरमेंट बुक’, ज्याला सारे खाते आजही नुसते ‘एम.बी.’ म्हणते. त्याची पाने आधीच क्रमांक घातलेली असत, म्हणजे एक जरी फाडले तरी उघडे पडावे, माप जागेवर घेऊन जागेवरच लिहावयाचे, खोडरबर वर्ज्य, आकडा चुकला तर त्यावर एक रेघ ओढून शेजारी सही करावयाची. लांबी, रुंदी, उंची आणि शेवटी घनफळ अशा रकान्यांत एका भिंतीचे सारे आयुष्य उतरे. कॉलेजात घनफूट शिकलेला मुलगा मक्तेदाराच्या तोंडून ‘ब्रास’ ऐके आणि शंभर घनफुटांचा तो एक ब्रास मनातल्या मनात करीत राही, तोवर मक्तेदार पुढच्या ढिगाकडे गेलेला असे. दगडाचा ढीग मोजताना आत पोकळ्या किती सोडल्या आहेत हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते; ते मुकादमाला ठाऊक असे आणि तो सांगत नसे.

चुन्याचेही तसेच. वर्तुळाकार चरातून दगडी चाक ओढीत बैल फिरत राहत, आणि भाजलेला चुना व वाळू यांची घाणी तासन्‌तास चाले. ती केव्हा थांबवावी याचे उत्तर तपशीलपत्रकात फेऱ्यांच्या संख्येत दिलेले असे. पण जुना मिस्त्री चिमूटभर चुना अंगठा व तर्जनी यांत चोळून पाही, क्वचित जिभेला लावी, आणि मग मान हलवी. नवा साहेब वयाने त्याच्या मुलाएवढा. तरी मिस्त्री त्याला ‘रावसाहेब’ म्हणे, आणि रावसाहेब शहाणा असला तर हाताखालच्या त्या वृद्धाला चारचौघांत ‘मिस्त्री’ आणि एकांतात ‘बाबा’ म्हणून विचारी. जो विचारत नसे त्याच्या भिंतींना दोन पावसाळ्यांत ओल येई. ही गुरुपरंपरा कोणत्याही कॉलेजच्या पंचांगात छापलेली नाही, आणि म्हणून तिचे ऋण कोणी फेडलेलेही नाही.

याच एम.बी.ची आणि मजुरांच्या हजेरीच्या मस्टरची दुसरी बाजू महात्मा फुल्यांनी पाहिली होती. पुण्याच्या आसपासच्या सार्वजनिक कामांचे मक्ते त्यांनी स्वतः घेतले होते, त्यामुळे हजेरी कशी मांडली जाते आणि मजुरी कशी वाटली जाते हे त्यांना ऐकीव नव्हते. इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कर्मचारी मजुरांच्या कष्टाच्या पैशावर कसा डल्ला मारतात याविषयी त्यांनी एक पोवाडाच रचला. कॉलेजच्या इतिहासकारांनी या पोवाड्याची दखल क्वचितच घेतली आहे. वास्तविक ज्या वर्षांत पेठांतील सुशिक्षित घराणी आपल्या मुलाला ‘इंजिनियर खात्यात’ चिकटवण्याची स्वप्ने पाहत होती त्याच वर्षांत त्या खात्याच्या उन्हात उभ्या असलेल्या बिगाऱ्याला ते खाते कसे दिसत होते, याचा इतका निकटचा पुरावा दुसरा नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी एल.सी.ई. जाऊन बी.ई. आली, १९११ साली कॉलेजला ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ हे नाव मिळाले, स्थापत्याच्या जोडीला यंत्र आणि पुढे विद्युत् शाखा आल्या. पण यंत्रशाखेचा पदवीधर जाणार कोठे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरविल्या होत्या, परंतु परिषदेतून कारखाना निघत नाही. जो निघाला तो कुंडलजवळच्या माळावर, १९१० साली, आणि काढला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, ज्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिकवीत असताना हक्काची बढती दुसऱ्यास दिली गेली, तेव्हा त्यांनी ती चाकरी सोडली होती. त्यांचे पुत्र शंतनुराव मात्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले, आणि १९४६ साली खडकीस तेल-इंजिनांचा कारखाना उभा राहिला. मध्यंतरी, १९४३ साली, पुण्याच्या कॉलेजातून स्थापत्याची पदवी घेतलेले बाबुराव शिर्के सरकारी खात्याकडे न वळता पुढच्याच वर्षी स्वतः मक्तेदार झाले. पदवीधराने मक्तेदारी पत्करणे हे तेव्हाच्या मध्यमवर्गास अवनतीसारखे वाटे. ज्याची मापे आपण घ्यायची त्याच्याच रांगेत उभे राहणे!

स्वातंत्र्यानंतरची पहिली पंधरा वर्षे ही खात्याच्या भरभराटीची होती. कोयनेचे काम १९५४ साली सुरू झाले, नवनवी धरणे आखली गेली, आणि पदवीची शाई वाळण्यापूर्वी नेमणुकीचे पत्र येई. त्या आत्मविश्वासास पहिला तडा १२ जुलै १९६१ रोजी गेला. काम पुरते आटोपण्यापूर्वीच पाणी साठविलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले, आणि निम्मे पुणे चिखलात गेले. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते. पुढील एप्रिलात ते वारले. शहराने चौकशी मागितली, चौकशी बसली, आणि ‘इंजिनियरसाहेब’ या संबोधनातला निखळ आदर पुण्यात पुन्हा पहिल्यासारखा उरला नाही.

मग आली ती खरी उलथापालथ. १९६६-६७ च्या मंदीत आणि पंचवार्षिक योजनेच्या तीन वर्षांच्या खंडात नव्या कामांना खीळ बसली, आणि देशभर हजारो पदवीधर अभियंते घरी बसले. १९७३ साली शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधर अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. म्हणजे कारखान्यांनी त्यांना वर्षभर विद्यावेतनावर ठेवून काम शिकवावे. भवानी पेठेतल्या वर्गापासून शंभराहून अधिक वर्षे जे खाते पदवीधराला हमी देत आले होते त्याच खात्याने महाराष्ट्रात पुढे ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’ अशी एक नोंदणी सुरू केली, आणि तीत नाव असलेल्यास लहानसहान कामे सोडतीने वाटली जाऊ लागली. एल.सी.ई.तील पहिल्यास जी जागा गुणांनी मिळे, तिच्या ठिकाणी आता चिठ्ठी निघेल तो पूल. सरकारी ठरावांत ‘बेरोजगार’ हे विशेषण ‘अभियंता’ या नामास लागलेले पाहून जुन्या निवृत्त अधिकाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना सदाशिव पेठेतील त्यांच्या घरांवरच्या पाट्या वाचून करावी; हुद्दा अजून तेथे नावाहून मोठ्या अक्षरांत असतो.

त्या काळात पिंपरी-चिंचवड उभे राहत होते, ही पुण्याच्या मुलांची भाग्याची गोष्ट. सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या टेल्को कंपनीने येथे कारखान्याबरोबरच प्रशिक्षणाचाही विभाग उभारला, आणि जे काम पूर्वी मिस्त्री करी ते आता वर्षभराच्या आखीव क्रमाने होऊ लागले. पण दार सर्वांना उघडे नव्हते. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ वाचली, आणि थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले, आणि त्या रुजू झाल्या. पुढे सुधा मूर्ती या नावाने त्यांनी ही हकीकत स्वतःच सांगितली आहे. निकाल हाच हुकूम असण्याच्या काळापासून आपण किती दूर आलो होतो, ते त्या पोस्टकार्डावरून कळते: गुण असूनही दार ठोठवावे लागत होते.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली आणि एकट्या पुण्यात पाहता पाहता अशा संस्थांची रांग लागली. त्याच्या दोनच वर्षे आधी इन्फोसिसची नोंदणी याच शहरात झाली होती. पुढे हिंजवडीच्या माळावर संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि स्थापत्य, यंत्र, धातुशास्त्र असे शाखांचे सारे भेद पुसून टाकणारा एक नवा मालक पदवीधरांना मिळाला, ज्याला ते काय शिकले याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते, त्यांना शिकता येते एवढे पुरे होते. संगमावरचे ते कॉलेज २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले.

आणि खाते? त्याच्या जागा अजून निघतात, राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून. एम.टेक. झालेली मुले पेठांतल्या अभ्यासिकांत महिन्याचे भाडे भरून एक खुर्ची धरतात आणि मृदुयांत्रिकीची तीच पुस्तके पुन्हा उघडतात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, कागदपत्रांची पडताळणी, कधी मध्येच न्यायालयाची स्थगिती. निकालानंतरही नेमणुकीचा हुकूम निघेपर्यंत कित्येक महिने लोटतात, आणि तेवढ्या अवधीत यादीत नाव आलेला सहायक अभियंता हिंजवडीतल्या कंपनीचा राजीनामा द्यावा की आणखी एक पगार पदरात पाडून घ्यावा, या विचारात सकाळची बस पकडीत असतो.